अनडू आधी, बाकीचं नंतर

कॉम्प्युटर क्लासच्या पहिल्या आठवड्यात वहीत काय उतरवून घ्यायला लावतात, हे नांदेडपासून सावंतवाडीपर्यंत कुणीही सांगेल. कंट्रोल सी म्हणजे कॉपी, कंट्रोल एक्स म्हणजे कट, कंट्रोल व्ही म्हणजे पेस्ट, कंट्रोल एस म्हणजे सेव्ह, कंट्रोल पी म्हणजे प्रिंट. एक पान भरतं, मग दुसरं. परीक्षेत त्यावर प्रश्न येतात, विद्यार्थी पास होतात, प्रमाणपत्र फायलीत लागतं. पुढे कधीतरी त्याच विद्यार्थ्यावर ऑफिसात एकट्याने अर्ज टाइप करायची वेळ येते. तेव्हा माउसवरचं बोट थबकतं आणि शेजारच्याला विचारलं जातं, ‘‘हे दाबलं तर काही उडणार नाही ना?’’

वहीतल्या दोन पानांत या प्रश्नाचं उत्तर एकाच ओळीत असतं आणि ती ओळ कुठेतरी मध्ये हरवलेली असते. कंट्रोल झेड, म्हणजे अनडू: आत्ता जे केलं ते मागे घे. संगणकाची शिकवणी इथून सुरू व्हायला हवी. कॉपी-पेस्टच्या आधी, सेव्हच्या आधी, टायपिंगचा वेग मोजायच्या तर कितीतरी आधी.

कारण नवशिक्याची खरी अडचण भीतीची असते. ती वेडगळही नसते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ सालच्या ७५व्या फेरीत देशातल्या ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत आणि शहरी भागात २३.४ टक्के घरांत संगणक आढळला होता. म्हणजे आपल्याकडे बहुतेक माणसं पहिल्यांदा संगणकाला हात लावतात तेव्हा तो दुसऱ्याचा असतो. शाळेचा, क्लासचा, ऑफिसचा, नाहीतर पुण्याहून सुट्टीला आलेल्या पुतण्याचा. दुसऱ्याच्या महागड्या वस्तूला जपूनच हात लावायचा, हे वळण आपल्या घराघरात आहे आणि ते चांगलंच आहे. मात्र संगणक जपून वापरायचा म्हणजे काहीच करून पाहायचं नाही, असा अर्थ झाला की शिकणं थांबतं. चूक केल्याशिवाय कुणी शिकत नाही आणि चूक परत घेता येते हे माहीत नसेल तर कुणी चूक करायला धजत नाही.

गंमत अशी की ज्यांनी हे मेनू आणि या आज्ञा घडवल्या त्यांना हे नीट ठाऊक होतं. त्यांना ते मोठ्या फजितीतून कळलं होतं.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची ‘पार्क’ नावाची संशोधन संस्था होती. तिथे बटलर लॅम्प्सन आणि चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ मध्ये ‘ब्राव्हो’ हा लिखाणाचा प्रोग्रॅम तयार केला. पुढे हेच सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि ‘वर्ड’चा पाया त्यांनी घातला. ब्राव्हो त्या काळात अफाट होता, पण त्याच्या दोन अवस्था होत्या. एका अवस्थेत की दाबली की अक्षर उमटायचं, दुसऱ्या अवस्थेत तीच की आज्ञा व्हायची. आपण कुठल्या अवस्थेत आहोत याचं भान सुटलं की संपलं. ‘एडिट’ हा साधा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द आज्ञेच्या अवस्थेत टाइप झाला की काय व्हायचं, ते पाहा. ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जायचा. ‘डी’ने तो पुसला जायचा. ‘आय’ने नवा मजकूर घालायची तयारी व्हायची. आणि ‘टी’ हे अक्षर पडद्यावर उमटायचं. अख्ख्या लिखाणाच्या जागी एक ‘टी’.

माणसाने एक शब्द लिहिला आणि यंत्राने त्याचं सगळं काम गिळलं. यात चूक कुणाची?

लॅरी टेस्लर या तरुण संशोधकाने ठामपणे सांगितलं की चूक यंत्राची. टेस्लर १९७३ मध्ये पार्कमध्ये आले होते. अशा दोन-दोन अवस्थांचा त्यांना इतका तिटकारा होता की त्यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘नो मोड्स’ असं लिहिलेलं असायचं. त्यांनी केलेला एक प्रयोग संगणक शिकवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका सेक्रेटरीला त्यांनी कोऱ्या पडद्यासमोर बसवलं. हातात शाईने दुरुस्त्या केलेला छापील कागद दिला आणि विचारलं, हाच मजकूर पडद्यावर आहे अशी कल्पना करा, या दुरुस्त्या तुम्ही कशा कराल? तिने जिथे शब्द घालायचा तिथे बोट दाखवलं आणि म्हणाली, इथे दाखवेन आणि टाइप करेन. आज जगभर कोट्यवधी माणसं माउसने जागा दाखवून टाइप करतात. त्या रीतीच्या मुळाशी एका नवशिक्या बाईचं हे सरळ उत्तर आहे.

पुढे झेरॉक्सच्याच मालकीच्या ‘गिन’ या पाठ्यपुस्तक प्रकाशन कंपनीसाठी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ हा प्रोग्रॅम लिहिला. मॉट आधी त्या प्रकाशनाच्या संपादकांचं काम बघून आले होते. ती मंडळी कागदाचे तुकडे कात्रीने कापत, दुसरीकडे डिंकाने चिकटवत. कट आणि पेस्ट तिथून आलं. जिप्सीमध्ये अवस्थांचा घोळ नव्हता. की दाबली की अक्षर उमटणार, आज्ञा द्यायची तर ती वेगळ्या कीने द्यायची. संपादकांना तो शिकायला वेळ लागला नाही.

टेस्लर १९८० मध्ये ॲपलमध्ये गेले. तिथे ‘लिसा’ या संगणकाचं काम चाललं होतं, जो १९८३च्या जानेवारीत बाजारात आला. पडद्याच्या वरच्या कडेला आडवी पट्टी आणि शब्दावर क्लिक केलं की खाली उघडणारी यादी, ही मेनूची घडण तिथे बिल ॲटकिन्सन यांच्या हातून झाली. दिवसा टेस्लर सामान्य माणसांना मशीनसमोर बसवायचे, ती कुठे अडखळतात ते टिपायचे आणि रात्री ॲटकिन्सन त्याप्रमाणे प्रोग्रॅम बदलायचे. एका चाचणीत बटणावर ‘डू इट’ असं लिहिलं होतं. दोन शब्दांतलं अंतर लक्षात न आल्याने एका माणसाने ते ‘डोल्ट’ असं वाचलं, म्हणजे ‘मठ्ठ’, आणि मशीन आपल्याला मठ्ठ का म्हणतंय म्हणून तो वैतागला. बटणावरचे शब्द बदलले गेले आणि तिथे ‘ओके’ आलं. नवशिक्याला कमीपणा वाटतोय असं दिसताच यंत्र बदलायचं, ही त्या मंडळींची शिस्त होती.

त्या शिस्तीतून जो ‘एडिट’ मेनू तयार झाला तो आजही जवळपास तसाच आहे. त्यातली सगळ्यात वरची ओळ कुठली? कट नाही, कॉपी नाही. अनडू. नोटपॅड उघडा, लिबरऑफिस उघडा, मॅकवरचा कुठलाही प्रोग्रॅम उघडा, एडिटखाली पहिली ओळ तीच असते. वर्डमध्ये तर मागे वळलेला तो छोटा बाण खिडकीच्या वरच्या भागातच डोळ्यांसमोर असतो. घडवणाऱ्यांनी ज्याला पहिला मान दिला त्याला आपल्या वह्यांत मधली कुठलीतरी ओळ मिळते.

मेरीलँड विद्यापीठातले बेन श्नायडरमन हे संगणकाच्या पडद्याची रचना कशी असावी या विषयातलं मोठं नाव. १९८०च्या दशकात त्यांनी या रचनेचे आठ नियम मांडले. त्यातला एक असा की केलेली कृती शक्यतो सहज मागे घेता आली पाहिजे. कारणही त्यांनी दिलं: चूक सुधारता येते हे कळलं की माणसाचं दडपण उतरतं आणि तो अनोळखी गोष्टींना हात घालतो. क्लासमधल्या शिक्षकांना हवं असतं ते नेमकं हेच.

मग पहिला तास कसा असावा? वर्ड उघडावं. विद्यार्थ्याने स्वतःचं नाव, गावाचं नाव, मनात येईल ते चार ओळी टाइप करावं. मराठीत, इंग्रजीत, कसंही. मग शिक्षकाने सांगावं: आता मोडा. एक शब्द पुसा. कंट्रोल झेड दाबा. शब्द परत आला. आता कंट्रोल ए दाबून सगळं निवडा आणि डिलीट करा. पान कोरं झालं. वर्गात जरा शांतता पसरते, ती पसरू द्यावी. कंट्रोल झेड. सगळं परत. आता अक्षरं लाल करा, ७२ आकाराची करा, ओळी उलटसुलट करा, आणि मग एकामागून एक कंट्रोल झेड दाबत मागे या. फार मागे आलात तर कंट्रोल वाय दाबून पुन्हा पुढे जा. सुरुवातीच्या काळात अनेक प्रोग्रॅममध्ये फक्त शेवटची एक कृती मागे घेता यायची, आज एक्सेलमध्ये १०० पर्यंत कृती मागे घेता येतात. फाइलच्या बाबतीतही तेच. विंडोजमध्ये फाइल चुकून दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढली गेली, नाव भलतंच झालं, तर तिथेही कंट्रोल झेड चालतं. एवढ्या एका तासात माणूस मशीनशी खेळू लागतो. पुढचे दहा तास त्याला पटपट जातात.

हे वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं तेव्हा ६ कोटी ग्रामीण घरांतल्या प्रत्येकी एका माणसाला शिकवायचं उद्दिष्ट होतं आणि त्यासाठीचा अभ्यासक्रम होता २० तासांचा. महाराष्ट्रात एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने या शतकाच्या सुरुवातीपासून लाखो लोकांना तालुक्याच्या गावी कीबोर्डसमोर बसवलं. ते काम मोठं आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण सरकारी नोकरीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र लागतं म्हणून जी मंडळी क्लासला येतात त्यांचं लक्ष परीक्षेवर असतं आणि परीक्षेला सोपी पडते ती पाठांतराची यादी. शिक्षकाला तपासायला सोपी, विद्यार्थ्याला घोकायला सोपी. फक्त ती कामाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

मुळात मेनू आला तोच पाठांतर संपवण्यासाठी. त्याआधीच्या संगणकांवर काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या खुणेसमोर आज्ञा अचूक टाइप करावी लागे. आठवली नाही तर काम ठप्प. मेनूने सगळ्या आज्ञा यादी करून समोर मांडल्या. एसटी स्थानकावरचं वेळापत्रक कुणी पाठ करत नाही, फलकाखाली उभं राहून वाचतात आणि गाडी पकडतात. मेनूही असाच वाचायचा असतो. ज्यांनी जुन्या वर्डमधल्या मेनूंच्या जागा घोकल्या होत्या त्यांची २००७ साली पंचाईत झाली. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ऑफिसमधले जुने मेनू काढून वर रिबनची रुंद पट्टी आणली. ज्यांना वाचायची सवय होती त्यांना आठवडाभरात सगळं सापडलं.

वाचायचं म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण ही माहिती वहीत सहसा नसते. मेनूतली एखादी ओळ फिकट राखाडी दिसते तेव्हा काही बिघडलेलं नसतं. ती आज्ञा आत्ता लागू नाही एवढाच त्याचा अर्थ. कट आणि कॉपी फिकट असतील तर तुम्ही अजून काही निवडलेलं नाही. मजकूर माउसने ओढून निवडा, त्या लगेच ठळक होतील. आज्ञेच्या पुढे तीन टिंबं असली तर ती दाबल्यावर मशीन लगेच काही करणार नाही, आधी आणखी काही विचारेल. म्हणजे तीन टिंबांची ओळ बिनधास्त उघडून पाहावी, नको वाटलं तर एस्केप दाबून परत फिरावं. ओळीच्या शेवटी छोटा बाण असला तर आत आणखी यादी आहे. आणि उजव्या कडेला बारीक अक्षरांत त्या आज्ञेचा शॉर्टकट छापलेलाच असतो. रोज मेनूतून प्रिंट देणाऱ्याच्या नजरेला कंट्रोल पी पडत राहतं आणि एक दिवस बोटं आपोआप तिकडे जातात. शॉर्टकट असेच अंगवळणी पडतात.

ज्याला ते पाठच करायचे आहेत त्याला निदान कारण तरी सांगावं. झेड, एक्स, सी, व्ही या चार की कीबोर्डच्या खालच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात एकाला लागून एक आहेत. डावा हात तिथे ठेवून उजव्या हाताने माउस चालवता यावा म्हणून ॲपलच्या मंडळींनी त्या निवडल्या. एक्सचा आकार खोडल्याच्या फुलीसारखा, व्हीचा आकार मजकुरात शब्द घुसवायच्या खुणेसारखा. विंडोजमध्ये सुरुवातीला वेगळ्या, आयबीएम वळणाच्या की होत्या: कट करायला शिफ्ट-डिलीट, पेस्ट करायला शिफ्ट-इन्सर्ट. १९९२च्या विंडोज ३.१ पासून हीच चौकडी तिथे रुळली. आणि पुन्हा पाहा, त्या चौघांत कोपऱ्यातली, कंट्रोलला सगळ्यात जवळची की अनडूची आहे.

सेव्हची गोष्ट जरा वेगळी. तिथे भीती नसते, तिथे असतो निष्काळजीपणा. गृहनिर्माण सोसायटीचे सेक्रेटरी वार्षिक सभेची नोटीस काढायला बसतात. सगळ्यात सोपी रीत म्हणजे गेल्या वर्षीची नोटीस उघडायची. तारीख बदलली, विषयपत्रिका बदलली, कंट्रोल एस दाबलं, प्रिंट काढली. काम झालं. पुढे कुणी सभासद गेल्या वर्षीची नोटीस मागतो आणि तेव्हा लक्षात येतं की ती उरलेलीच नाही. सेव्हने नवं जुन्यावर लिहिलं. ‘सेव्ह ॲज’ घेऊन नवं नाव दिलं असतं तर दोन्ही राहिल्या असत्या. ग्रामपंचायतीपासून बचत गटापर्यंत असे किती कागद आजवर पुसले गेले असतील याचा अंदाज करवत नाही. म्हणून फाइल मेनूतला नियम एकच सांगावा: जुन्या फाइलवरून नवं काही करायचं असेल तर ती उघडल्या उघडल्या पहिल्यांदा सेव्ह ॲज. टाइप करायला लागायच्या आधी. नावात वर्ष आणि महिना घालावा. ‘नोटीस नवीन’, ‘नोटीस फायनल’, ‘नोटीस फायनल २’ अशी नावं महिन्याभरात कुणालाच कळेनाशी होतात.

मराठीत काम करणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे आणि तिच्यामुळे कितीतरी लोकांनी पेस्टचा धसका घेतला आहे. छापखान्यातून आलेल्या जुन्या फाइलमधला मराठी मजकूर कॉपी करून वर्डमध्ये किंवा ईमेलमध्ये पेस्ट केला की अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं, चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं असा नुसता कचरा उमटतो. माणूस हबकतो. आपल्या हातून काहीतरी बिघडलं, असंच त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या हातून काहीच बिघडलेलं नसतं. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची नुसती चित्रं इंग्रजी चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी चिन्हंच. फॉन्ट बदलला की वरचं चित्र जातं आणि खालची चिन्हं उघडी पडतात. मराठी छपाई अनेक वर्षं या फॉन्टवर उभी होती, त्यामुळे असे ढीगभर मजकूर आजही आहेत. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कुठेही पेस्ट केला तरी मराठीच राहतो आणि कंट्रोल एफने त्यात शब्दही सापडतो. शिकवणाऱ्याने हा कचरा वर्गात मुद्दाम करून दाखवावा, कारण सांगावं, आणि लगेच कंट्रोल झेड. मग मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून पेस्ट करायला शिकवावं. मराठी क्लासमध्ये हे शिकवलं जात नसेल तर दुसरीकडे कुठे शिकवलं जाणार?

आता अनडूची दुसरी बाजू. ती लपवली तर नवशिक्याची फसवणूक होईल. प्रोग्रॅम बंद केला की सहसा मागे घ्यायची यादीही गेली. उद्या फाइल उघडून आजची चूक कंट्रोल झेडने सुधारता येत नाही. शिफ्ट दाबून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि पेनड्राइव्हवरून पुसलेलीही सहसा जात नाही. जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, तेही सेटिंगमध्ये तसं करून ठेवलं तर. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, सगळ्यांसाठी पुसायला साधारण दोन दिवस मिळतात, पण तोवर वाचला गेला असेल तर पुसून काय उपयोग. ऑनलाइन अर्जावर शेवटचं ‘सबमिट’ दाबलं की खेळ संपला. आणि यूपीआयचा पिन टाकून पैसे गेले की त्याला अनडू नाही. तिथे फसवणूक झाली तर एकच तातडीचा मार्ग, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करणं.

म्हणजे नवशिक्याला शिकवायच्या गोष्टी दोन झाल्या. कुठे बेधडक चुकायचं आणि कुठे थांबून दोनदा वाचायचं. आज घडतं ते नेमकं उलट. वर्डमध्ये एक शब्द पुसायला घाबरणारी माणसं फोनवर अनोळखी आवाजाने सांगितलं म्हणून ‘अलाऊ’ आणि ‘ओके’ दाबत जातात. पडद्यावरचे शब्द वाचून मग बोट लावायची सवय त्यांना कुणी लावलेलीच नसते, दोन्हीकडे ती दुसऱ्याच्या भरवशावर असतात. मेनू वाचायला शिकलेला माणूस हा पडदाही वाचतो.

तरुणांना हे सगळं येतं, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो तपासून पाहावा. लहानपणापासून मोबाइल हातात असलेला मुलगा बारावीनंतर क्लासमध्ये येतो तेव्हा रील बनवण्यात तो पटाईत असतो, पण फाइल कुठल्या फोल्डरमध्ये गेली हे त्याला सांगता येत नाही. फोनने फोल्डर त्याच्यापासून झाकलेले असतात. फोनवर मेनू तीन टिंबांच्या किंवा तीन रेघांच्या मागे लपलेला असतो आणि अनडू बहुतेक ठिकाणी दिसतच नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी फोटो ठरावीक केबीत बसवायची वेळ आली की हाच मुलगा सायबर कॅफेवाल्याकडे जाऊन पैसे मोजतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत संगणक कौशल्य मोजायचा एक निर्देशक आहे, ४.४.१. त्यात फाइल हलवणं, कॉपी-पेस्ट करणं, मेलला फाइल जोडणं अशी साधी कामं मोजली जातात. चूक मागे घेता येते का, हे मात्र त्या यादीतही नाही. शिक्षणाच्या पाहण्या करणाऱ्यांनी तो एक प्रश्न आपल्या पाहणीत घालायला हरकत नाही. शिकणाऱ्याला धीर किती आला आहे ते कॉपी-पेस्टपेक्षा त्यातून जास्त कळेल.

घरात तर वेगळंच चित्र असतं. आई लॅपटॉपसमोर बसते, वीजबिलाची पावती शोधते, अडते आणि हाक मारते. मुलगा येतो, ‘‘आई, सरक, मी करतो’’ म्हणत माउस हातात घेतो, तीन क्लिकमध्ये पावती काढतो आणि निघून जातो. त्यात माया असते, घाईही असते. पण आईला त्या तीन क्लिकमधली एकही दिसलेली नसते. पुढच्या महिन्यात ती पुन्हा हाक मारते आणि मग हळूहळू हाक मारणंही सोडते, कारण दर वेळी मुलाचा वेळ घ्यायला तिला अवघड वाटतं. टेस्लर यांनी सेक्रेटरीला प्रश्न विचारून तिचं उत्तर ऐकलं होतं. घरातल्या मुलामुलींना तेवढंच करायचं आहे. माउस आईच्या हातात ठेवायचा, शेजारी बसायचं आणि विचारायचं, तुला काय करायचंय, ते कुठे असेल असं वाटतं? ती चुकीच्या ठिकाणी क्लिक करेल. करू द्यावं. परत कसं यायचं तेवढं दाखवावं.

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की क्लासचालकांच्या सुट्टीतल्या बॅचेस सुरू होतात. त्यांना विनंती एवढीच: पहिल्या दिवशी शॉर्टकटची यादी फळ्यावर लिहू नका. प्रत्येकाला एक कोरी फाइल द्या, ती मोडायला सांगा आणि कंट्रोल झेडने परत उभी करायला सांगा. आणि शेवटच्या प्रात्यक्षिकात एक प्रश्न असा ठेवा की विद्यार्थ्यासमोर मुद्दाम बिघडवलेलं पान असेल, प्रोग्रॅम बंद केलेला नसेल, आणि ते पाच मिनिटांत पूर्ववत करून नव्या नावाने सेव्ह करायचं असेल. त्याला निदान दहा गुण द्या.